भाईजींचा डावा डोळा

प्रिय अन्वी आणि रोहन,

पुढच्या आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. परवा तपासणीला गेले, तेव्हा तिथल्या मुलीने डोळ्यात थेंब घातले आणि म्हणाली, "आजी, बाहुली मोठी होईल. थोडा वेळ अंधुक दिसेल, घाबरू नका." मी घाबरले. तिला वाटलं, ऑपरेशनला घाबरले. अन्वी, त्याच दिवशी तुझा फोन आला. तुमच्या प्रयोगशाळेत झाड न लावता, काचेच्या भांड्यांत नुसती मुळं वाढवून त्यांतून औषध काढतात, असं तू सांगितलंस आणि वर म्हणालीस, "आजी, तुला कल्पना यायची नाही." मला कल्पना आहे. तशी मुळं मी मंठ्याला पाहिली आहेत, तुमची आई जन्मायच्या आधी. ऑपरेशन नीट होईल असं सगळे म्हणतात. तरी हे आधीच लिहून ठेवते. दोघांनी वाचा. मराठी अडली तर आईला विचारा.

आम्ही मंठ्याला गेलो, तेव्हा हैदराबाद राज्य अजून मोडलं नव्हतं आणि जालना हा जिल्हाही झाला नव्हता. तुमचे आजोबा तिथल्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. बाजारपेठेत केसरीमलजींचं दुमजली घर होतं. खाली काष्ठौषधींचं दुकान, मागे अंगण, अंगणाखाली तळघर, आणि वरच्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने दिलेल्या. सगळं गाव त्यांना भाईजी म्हणायचं. आमचं सामान उतरवून घ्यायला ते स्वतः आले. पांढरं धोतर, काळी टोपी, वय चाळिशीच्या आतलं. कंदील वर धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातला तांब्या निसटला. त्यांच्या उजव्या डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी होती. डाव्या डोळ्यात तपकिरी रंग दिसतच नव्हता, होता तो नुसता काळा खड्डा.

"डरू नका बाई," ते म्हणाले. "तो डोळा सध्या कामावर हाये."

ते काम काय, हे आजोबांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. भाईजी तळघरात धोतऱ्याची मुळं वाढवत होते. धोतऱ्यात एक विष असतं. त्याच विषापासून डोळ्यांचं औषध होतं, बाहुली मोठी करणारं. आमच्या दवाखान्यात ते बाहेरून यायचं आणि निम्मं वर्ष संपलेलंच असायचं. कोणत्या बाटलीतल्या मुळात विष किती उतरलं, हे कळायला मोठ्या शहरात मांजराच्या डोळ्यात थेंब टाकून पाहत. भाईजी जैन. ते मांजराला हात लावणार नव्हते. ते थेंब स्वतःच्या डाव्या डोळ्यात टाकत आणि आरशात बघत बसत. बाहुली किती वेळ उघडी राहिली यावरून त्या मुळाचा जोर ठरे. सकाळी अंगणात भेटले की कधी म्हणत, "आजचं मूळ आळशी निघालं, दुपारपर्यंत उतरलं." कधी म्हणत, "हे पैलवान हाये बाई, परवाधरनं डोळा धरून बसलंय."

आजोबांनी त्यांना बजावलं होतं, की शुद्ध केल्याशिवाय यातला थेंब दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात जाणार नाही. ते भाईजींना मान्य होतं. स्वतःच्या डोळ्याबद्दल मात्र ते ऐकत नसत.

त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन मंठ्यात चार पिढ्या राहिलेलं. घरात बटाटा नाही, कांदा नाही, गाजर-मुळा नाही. जे मूळ उपटलं की अख्खं झाड मरतं आणि मुळाच्या आसऱ्याचे असंख्य जीव मरतात, ते खायचं नाही, असा त्यांचा धर्म. आणि दुकानात मात्र छतापर्यंत पोती होती ती मुळांचीच. अश्वगंधा, शतावरी, मुसळी. हे कोडं मी एकदा भीतभीत विचारलं, तेव्हा भाईजी हसले नाहीत.

"हेच मी बापूजींना विचारलं होतं," ते म्हणाले. "ते म्हणले, खात न्हाई आपण, नुसतं विकतो. मंग मी बघत राह्यलो. शतावरी घेऊन डोंगराकडचे लोक यायचे. माझ्या लहानपणी बैलगाडीत यायची. मंग डोक्यावर यायची. आता हातात येते. झाड म्हंजे काय गाय हाये का, दूध काढलं आन् सोडलं? मुळीसाठी त्याला मारावंच लागतं. तेव्हा ठरवलं, झाड न मारता मूळ मिळंल असं काही करायचं."

ते हैदराबादला वनस्पतिशास्त्र शिकले होते, पण सगळं उर्दूतून, कारण तेव्हा तिथे तसंच शिकवत. संस्थान भारतात विलीन झाल्यावर नवीन मासिकं, पुस्तकं सगळी इंग्रजीत येऊ लागली आणि भाईजी अडले. त्यांच्या जुन्या प्राध्यापकांकडून कधीमधी इंग्रजी मासिकं येत. मी बी.ए. झालेली, पण विज्ञानाचं मला काही कळत नव्हतं. मग आमचा असा ठराव झाला, की मी मोठ्याने वाचायचं, कठीण शब्दाचा सरळ अर्थ सांगायचा, आणि त्याचा उपयोग काय ते त्यांनी मला सांगायचं. "तुम्ही वाचा, मी समजतो," हे त्यांचं वाक्य. इंग्रजी शिकून आपला कुणाला असा रोकडा उपयोग होईल, असं मला तोवर वाटलं नव्हतं.

तळघरात मी पहिल्यांदा उतरले, तो प्रसंग अजून स्वप्नात येतो. बारा पायऱ्या, थंड ओली हवा आणि फळ्यांवर ओळीने औषधाच्या रिकाम्या बाटल्या, तोंडाला कापसाचे बोळे. भाईजींनी कंदील जवळ नेला. बाटलीत पांढुरक्या शेवयांचा गुंता तरंगत होता. खोड नव्हतं, पान नव्हतं, माती नव्हती. तरीही तो गुंता जिवंत होता आणि दर आठवड्याला वाढत होता. अंगणात उगवलेल्या धोतऱ्याला कुणी घाबरत नाही, पण या बिनडोक्याच्या वाढीकडे बघत मी दोन पायऱ्या उलट्या पावलांनी वर चढले. आमच्या दोन्ही घरचं काम करणारी कौतिकाबाई तर तिसऱ्या पायरीखाली कधी गेली नाही. "बाई, मुंडकं न्हाई त्याला," ती कुजबुजायची. "मुंडकं न्हाई आन् वाढून राह्यलंय. असलं बरं नसतंय."

भाईजींचं काम मात्र देवघरातल्यासारखं चाले. साखर आणि चार क्षार घातलेलं पाणी बाटल्यांत भरून ते पितळी डब्यात लागोपाठ तीन दिवस वाफवायचं. तीन दिवस का? तर पहिल्या दिवशी जे जंतू मरत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी जागे होतात. मग स्वच्छ धुतलेलं बी बाटलीतच रुजवायचं, त्याच्या मुळाचं नखाएवढं टोक कापायचं आणि साखरपाण्यात सोडायचं. बाटली उघडताना ते तोंडावर मुहपत्ती बांधत. मुहपत्ती म्हणजे पांढऱ्या कापडाची चौकोनी घडी. हवेतले जीव आपल्या श्वासाने मरू नयेत म्हणून त्यांचे लोक प्रार्थनेच्या वेळी ती तोंडावर बांधतात. भाईजींना तिचा दुसराही उपयोग सापडला होता. आपला श्वास बाटलीत गेला, तर बुरशी धरते.

यावरून त्यांच्या आईचं आणि त्यांचं रोज वाजायचं. आईंना सगळे माँसा म्हणत. त्या मुलाशी मारवाडीत बोलत. मी इथे मराठीत लिहिते.

"देवाच्या कामाची मुहपत्ती घालून पाप करतोस! वाफेत किती जीव मारलेस आज?"

"मोजले न्हाईत, माँसा."

"मग संध्याकाळी क्षमा कुणाकुणाची मागणार?"

"सगळ्यांची मागतो. एकेकाचं नाव थोडंच माहीत हाये?"

माँसा हसू दाबायला पदर तोंडाशी नेत. सत्तरीच्या, बारीक, गव्हाच्या काडीसारख्या. जमिनीकडे बघितल्याशिवाय त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. भाईजीही तसेच चालत. त्या दोघांना अंगण ओलांडताना बघितलं, की काहीतरी हरवलंय आणि दोघं मिळून शोधताहेत असं वाटे.

एकदा बाटल्यांतली मुळं वाढायची थांबली. भाईजी वर आले ते हात जोडूनच. "डाक्टरसाब, एक बी-वनचं इंजेक्शन द्या. माझ्या मुळांना बेरीबेरी झालीय." आजोबा हसत सुटले. पण मीच महिनाभरापूर्वी त्यांना वाचून दाखवलं होतं, की पानांपासून तोडलेल्या मुळाला ते जीवनसत्त्व स्वतः करता येत नाही. आजोबांनी दिलं. मुळं वाढू लागली. त्या दिवशी भाईजींनी अख्ख्या घराला बदामाचा शिरा खाऊ घातला.

मी त्यांना नेहमी एकच विचारायची: घरात एवढं विष ठेवता, भीती नाही वाटत? ते म्हणत, "डर चांगली चीज हाये बाई. डर हाये तर ध्यान हाये. ज्या दिवशी मला डर वाटनार न्हाई, त्या दिवशी कुलूप लावा तळघराला." हे बोलताना त्यांचा तो काळा डोळा माझ्याकडे असे, आणि त्यांची निम्मी भीती माझ्याच वाट्याला आली आहे असं मला वाटे. तेव्हा तुमची आई माझ्या पोटात होती. मी पाणी पिण्याआधी भांडं उजेडात धरून बघायला लागले होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते.

भाद्रपदाच्या आसपास जैनांचं पर्युषण येतं. त्या वर्षी माँसांनी अठाई धरली, म्हणजे आठ दिवसांचा उपास. अन्न नाही, औषध नाही. फक्त पाणी, तेही उकळलेलं, आणि तेही सूर्य असेपर्यंत. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. त्या घरात उकळलेल्या पाण्याची एक खूण होती. कच्च्या पाण्याच्या भांड्यावर झाकणी आणि उकळलेल्यावर पांढरं फडकं बांधलेलं. कौतिकाबाईला ही खूण पक्की ठाऊक होती. आणखी एक रीत होती. उकळलेलं नसेल, तर राख किंवा लवंग टाकून रंग आणि चव बदललेलं पाणीही त्यांना चाले. त्याला ते धोवण म्हणत. त्यामुळे माँसांच्या पाण्याला कधी पिवळट रंग असे, कधी कडवट चव, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

उपासाचा सातवा दिवस. आजोबा पटकीच्या लशी टोचायला कंपाउंडरला घेऊन वाटूरकडे गेले होते. पाऊस लागलेला, ओढे भरलेले. भाईजी दुपारी स्थानकात प्रवचनाला गेले होते. स्थानक म्हणजे त्यांचं प्रार्थनागृह. मी वर विणत बसले होते. जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि कौतिकाबाई दारात उभी राहिली.

"बाई, खाली या जल्दी. माँसाबाय भिताडाशी बोलून राह्यल्यात."

खाली गेले, तर शेजारच्या चार-पाच बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या, हात जोडलेले, हळू आवाजात स्तवन चाललेलं. एकीने मला खुणेने गप्प केलं. "दर्शन होऊन राह्यलंय," ती म्हणाली. "सातव्या दिवशी होतं कोनाकोनाला. मोठं पुण्य हाये म्हातारीचं."

माँसा पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. चेहरा लाल, ओठ वाळून चिकटलेले. बोटांनी गोधडीतून काहीतरी वेचत होत्या. "मुंग्या," त्या मला म्हणाल्या. "खाली पाऊल ठेवू नकोस पोरी. सगळी फरशी मुंग्यांनी भरलीय. चिरडतील." फरशीवर काही नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत तपकिरी रंग उरलाच नव्हता. दोन काळे खड्डे. तो डोळा माझ्या ओळखीचा होता.

"कौतिका, यांना काय दिलंस?"

"पानीच दिलं बाई. हंड्यातलं सरल्तं, म्हून त्या गंजातलं दिलं. फडकं बांधलेलंच होतं की!"

तळघराच्या दाराशी फळीवर कल्हईचा एक लहान गंज होता. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, एका बाजूला सुटलेलं. आत फिक्या चहासारखं पाणी. कित्येक महिन्यांच्या बाटल्यांतली मुळं उकळून काढलेला तो अर्क होता. सकाळीच भाईजींनी गाळून निवायला वर आणून ठेवला होता, आणि धूळ पडू नये म्हणून, हात ज्या सवयीने चालतात त्या सवयीने, त्यावर घरातलं फडकं बांधलं होतं.

मी एका बाईला स्थानकात पिटाळलं. भाईजी आले ते अनवाणी, चिखलातून धावत. ज्या माणसाने जमीन न बघता पाऊल टाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तो धावत आला. त्यांनी गंजात पाहिलं. फडक्याची गाठ हातात घेतली.

"किती दिलं?"

"दोन फुलपात्रं," कौतिकाबाई रडत म्हणाली. "कडू हाये म्हनल्या. मी म्हनलं, राखेचं असंल."

"माझ्या हातानं बांधलं," भाईजी म्हणाले. तेच पुन्हा म्हणाले. मग ते उंबऱ्यावर बसले, आणि आता ते उठणार नाहीत अशी भीती मला वाटली. घरात डॉक्टर नव्हता, दवाखान्याची किल्ली वाटूरला होती, पलंगावर म्हातारी बाई भिंतीतल्या कुणाला तरी नावाने हाका मारत होती, आणि शेजारणी अजून गातच होत्या.

मी वर गेले आणि आजोबांचं विषांवरचं जाड पुस्तक घेऊन आले. पान सापडेना. धोतऱ्याचं लॅटिन नाव समोर दिसूनही मला वाचता येईना. शेवटी वाचलं. वाचून मराठीत सांगितलं: पोट रिकामं करा. कोळशाची पूड पाण्यातून द्या, ती विष धरून ठेवते. अंग थंड ठेवा.

"पुन्हा वाचा," भाईजी म्हणाले. ते उठले होते.

आधी मिठाचं कोमट पाणी केलं. माँसांनी ते हुंगलं आणि दात घट्ट मिटले. शुद्ध जात होती, पण उपास जात नव्हता. "मीठ आहे. माझं पच्चक्खाण मोडू नकोस." पच्चक्खाण म्हणजे घेतलेलं व्रत. भाईजींनी विनवलं, शेजारणींनी विनवलं. एक म्हणाली, "जबरदस्तीनं तोंड उघडा." भाईजी म्हणाले, "त्यांचा दात तुटंल, पन उघडनार न्हाई. मी वळखतो." मग त्यांनी मला विचारलं, "टाइम काय झाला?"

मी घड्याळ पाहिलं. सूर्य ढगांमागे होता, पण मावळायला तासभरही उरला नव्हता. त्यानंतर पाणीसुद्धा नाही.

तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. "बाई, कोळशाचं पानी कोनत्या रंगाचं?"

"काळं."

"चव?"

"राखेसारखी असेल."

"मंग धोवणच हाये ते," ते म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे पळाले.

उकळलेलं नुसतं कोमट पाणी व्रताला चालत होतं. ते आधी त्यांनी आईला पाजलं, तांब्यामागून तांब्या, इतकं की पोटाने सगळं परत फेकलं. कौतिकाबाई परात धरून उभी होती. मी माँसांची पाठ धरली होती. कापडातून हात भाजावा इतकी ती तापली होती. तोवर भाईजींनी दुकानातल्या खलात चुलीचे कोळसे कुटले, मलमलीतून गाळले आणि उकळलेल्या पाण्यात कालवले. शाईसारखं पाणी झालं. फुलपात्र घेऊन ते पलंगाशी गुडघ्यावर बसले.

"माँसा, राखेचं धोवण."

माँसांची नजर भिंतीवर होती. पण प्रश्न नेहमीचेच आले. "उकळलं?"

"उकळलं."

"गाळलं?"

"गाळलं."

"रंग बदलला?"

"बदलला, माँसा."

एकही उत्तर खोटं नव्हतं. त्या प्यायल्या. पुन्हा प्यायल्या. तोंड, हनुवटी, पांढरी साडी, सगळं काळं झालं. शेजारणींचं गाणं केव्हा थांबलं होतं, मला कळलं नाही. त्यांतली एक खिडकीशी उभी राहून आभाळ बघत होती आणि थोड्या थोड्या वेळाने सांगत होती, "हाये अजून, हाये." मग ती म्हणाली, "झालं." माँसांनी फुलपात्र हाताने बाजूला केलं आणि ओठ मिटले.

रात्रीबद्दल फार लिहीत नाही. ओल्या फडक्यांनी अंग पुसत राहिलो. भाईजी पायथ्याशी बसून होते. देवाचं नाव घेताहेत असं मला वाटलं. जवळ गेले तर ते आईचा श्वास मोजत होते. माझ्या पोटात तुमची आई हलली. मला वाटलं, या घरात एक जीव येईल आणि एक जाईल, आणि मी कुठे बघू?

उजाडल्यावर ओढा उतरला आणि आजोबा आले. त्यांनी नाडी पाहिली, पोट तपासलं, परातीतलं काळं पाणी पाहिलं. म्हणाले, "वाचल्या. हे पाणी प्यायल्या नसत्या तर नसत्या वाचल्या." माँसांनी आठवा दिवसही उपास केला. आजोबांनी ओरडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

नवव्या दिवशी पारणं, म्हणजे उपास सोडणं. मुगाचं पाणी घेण्याआधी माँसांनी मुलाला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "मला एक नियम दे." म्हणजे तू एखादा नियम घे, तीच माझी भेट; पारण्याला तसं मागायची त्यांच्यात रीत आहे, आणि अशा वेळी आईला नाही म्हणत नाहीत. सगळ्यांना वाटलं, बाटल्या फोडायला सांगणार. भाईजींनी तळघराची किल्ली आधीच कनवटीतून काढून पुढे ठेवली होती.

माँसांनी किल्लीकडे पाहिलंही नाही. त्यांच्या बाहुल्या अजून पुरत्या मिटल्या नव्हत्या. त्या हाताने चाचपत मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचल्या.

"दोन दिवस तुझं तोंड दिसलं नाही मला. नुसता पांढरा डाग दिसला. हे तू तुझ्या डोळ्याला करतोस?"

"एकाच डोळ्याला, माँसा."

"मुंगीला वाचवतोस. मांजराला वाचवतोस. तुझा डोळा जीव नाही का?"

भाईजींनी हात जोडले आणि नियम घेतला: आपल्या डोळ्यात आता थेंब टाकणार नाही.

त्याचा अर्थ बाकी कुणाला कळला नाही, मला कळला. बाटल्या फोडल्या नाहीत, पण कोणतं मूळ जोरदार आणि कोणतं फुकटचं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. मांजर आणणं त्यांना शक्य नव्हतं आणि हैदराबादची यंत्रं मंठ्यात नव्हती. त्यांनी थोडे महिने मुळं जगवली. मग उन्हाळा आला, तळघर तापलं, एकेका बाटलीत बुरशी धरली. भाईजी ती अंगणात पुरत आणि वर दगड ठेवत.

मात्र पारण्याच्याच दुपारी त्यांनी बाजारातून लाल दोऱ्याचं रीळ आणलं. तळघरातल्या प्रत्येक बाटलीला, दुकानातल्या प्रत्येक विषारी जिनसेच्या बरणीला, अगदी ढेकणांच्या औषधालाही त्यांनी लाल दोरा बांधला. कौतिकाबाईला हाताला धरून दाखवला. मला म्हणाले, "माझी डर सरली होती बाई, मला कळलंच न्हाई. हात आपोआप चालला म्हंजे डर सरली. आता ती मी दोऱ्यात बांधून ठेवली."

डोळ्याने मात्र त्यांना सोडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं, कपाळ ठणकू लागलं. आजोबांनी पाहिलं आणि त्यांना हैदराबादला पाठवलं. डोळ्यातला दाब इतका वाढला होता, की डावी नजर गेली ती गेलीच. परत आल्यावर माँसांनी एवढंच विचारलं, "आणि दुसरा?" "दुसरा हाये, माँसा." त्यांनी मान हलवली आणि ज्वारी निवडायला लागल्या. थेंबांनीच डोळा गेला की तो कसाही जाणार होता, हे आजोबांनाही नक्की सांगता आलं नाही. भाईजींनी कधी विचारलं नाही.

तुमची आई दीड वर्षाची असताना आमची बदली झाली. मोटारीच्या अड्ड्यावर भाईजी सोडायला आले. ती माझ्या डाव्या कडेवर, म्हणजे त्यांच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला होती, तरी तिच्याकडे पाहायला त्यांनी मान बरीच वळवली; त्यांना आता तशी सवय लागली होती. पिशवीतून एक रिकामी, धुतलेली बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. तोंडाला कापसाचा बोळा, गळ्याला लाल दोरा.

"पोरगी रांगती हाये," ते म्हणाले. "दोरा बांधत जा."

मी विचारलं, "पुन्हा मुळं लावणार का?"

"मी न्हाई बाई. कुनीतरी लावंल. झाड न मारता मूळ मिळंल, हे खरं हाये. मी डोळ्यानं बघितलंय."

नंतर आमची भेट झाली नाही. माँसा गेल्या आणि काही वर्षांनी भाईजीही गेले, हे जालन्याच्या एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. तळघर बुजवलं, दुकानाच्या जागी आता कापडाचं दुकान आहे.

तुमच्या आईच्या लहानपणी आमच्या घरी फिनेलला, रॉकेलला, औषधाच्या कपाटाला लाल दोरा असायचा. तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा हसायचात. आजीने फिनेलला राखी बांधली, असं रोहन म्हणायचा. परवा आणलेल्या थेंबांच्या बाटलीलाही मी बांधला. अन्वी, तुमच्या भांड्यांना काय खूण असते ते मला कळव.

त्या मुळांपैकी काही उरलेलं नाही. बाटली माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. बोळा पिवळा पडला आहे. दोरा विटला तसा मी दोनदा बदलला. आत्ताचा लाल आहे.